वादळात पन्हळ मोडली? भोक बुजवण्याआधी तिचा उतार बघा

तारीख 3 जून 2020. दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. रायगडच्या किनारपट्टीवर पोफळीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, पत्रे उडाले, कौलं फुटली.

वादळ काही तासांत निघून गेलं. पण त्यानंतर लोकांच्या हातात वेळ किती होता? मुंबईत मान्सून पोचण्याची सरासरी तारीख 11 जून. कोकणात तर त्याच्याही थोडा आधीच येतो. म्हणजे जेमतेम आठवडाभर. तेवढ्यात छप्पर झाकायचं, कौलं मिळवायची, ताडपत्री मिळवायची. वर्षभरानंतर, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा तेच झालं.

या धावपळीत एका गोष्टीकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. ती म्हणजे छपराच्या कडेची पन्हळ. कुणी पन्हळ म्हणतं, कुणी पन्हाळ, दुकानात गेलं की तिला रेन गटर म्हणतात. घरात थेट पाणी गळत नाही ना, मग पन्हळ नंतर बघू, असा हिशेब असतो. आणि नंतर बघायचं झालंच तर एम-सीलची पुडी आणून दिसेल ते भोक बुजवलं जातं.

पण पन्हळ मोडण्यात खरं नुकसान भोकाचं नसतं. ते कशाचं असतं आणि घरच्या घरी पन्हळ नीट कशी करायची, ते बघू.

पन्हळ नेमकं काय काम करते?

कोकणातल्या जुन्या घरांना पन्हळ असायचीच असं नाही. वळचण लांब बाहेर काढलेली असायची, पागोळ्या भिंतीपासून दूर अंगणात पडायच्या. जिथे पाणी वाहून न्यायचं असेल तिथे पोफळीचं खोड उभं चिरून, आतून कोरून त्याची पन्हळ करायचे. पुढे पत्र्याची आली आणि आता पीव्हीसीची.

पण जागा कमी झाल्या, घरं एकमेकांना खेटली, वळचणी आखूड झाल्या. मग छपरावरचं पाणी गोळा करून एका ठिकाणी उतरवणं गरजेचं झालं.

हे पाणी किती असतं? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. समजा, छपराचा एक पाखा 30 फूट लांब आहे आणि त्याच्याखाली 15 फूट रुंद जमीन झाकली जाते. हे झालं साधारण 42 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर या एका पाख्यावरून मिनिटाला 35 लिटर पाणी खाली येतं. सर जोरात आली आणि तासाला 100 मिलिमीटरचा वेग झाला तर मिनिटाला 70 लिटर. म्हणजे 15 लिटरच्या जवळपास पाच बादल्या, दर मिनिटाला.

26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस या एका पाख्यावर पडला तर सुमारे 40,000 लिटर पाणी होईल. दहा हजार लिटरचे चार टँकर.

आता मुद्दा असा की पन्हळ धड असेल तर हे सगळं पाणी पाइपातून उतरून घरापासून दूर जातं. पन्हळच नसेल तर ते 30 फूट लांबीवर पागोळ्यांच्या रूपात विखरून पडतं. पण पन्हळ मध्येच वाकलेली असेल, तर सगळ्या पाख्याचं पाणी गोळा होऊन एकाच जागी धबधब्यासारखं कोसळतं. बहुतेक वेळा ती जागा भिंतीच्या पायाशीच असते.

म्हणून मोडकी पन्हळ ही पन्हळ नसण्यापेक्षा वाईट. जांभ्याची भिंत मातीत रचलेली असेल तर सांध्यातली माती हळूहळू धुऊन जाते. जोत्याजवळचा गिलावा सुटतो. भिंत आतून ओल धरते आणि ओल्या लाकडाला वाळवी लागते. हे सगळं जूनमध्ये दिसत नाही. ऑगस्टमध्ये भिंत फुगलेली दिसते, तेव्हा दुरुस्ती पन्हळीची राहिलेली नसते, भिंतीची झालेली असते.

वादळात पन्हळीचं नेमकं काय मोडतं?

वाऱ्याचा जोर छपराच्या कडेला आणि कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त बसतो. पन्हळ नेमकी तिथेच असते. त्यामुळे नुकसान साधारण चार प्रकारचं होतं.

एक, पन्हळ धरून ठेवणारे क्लॅम्प उपटतात किंवा वाकतात. दोन, दोन तुकड्यांमधले सांधे सरकतात. तीन, झावळी, फांदी किंवा नारळ पडून पन्हळ चेपते किंवा तडकते. चार, पालापाचोळा आणि फुटलेल्या कौलांचे तुकडे जाऊन खाली उतरणारा पाइप तुंबतो.

यातलं भोक आणि तडा लगेच डोळ्यांत भरतात. पण सगळ्यात जास्त त्रास देतो तो पहिला प्रकार. कारण क्लॅम्प सुटला की पन्हळीचा उतार बिघडतो.

सहा इंच रुंद अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर एका फुटात पावणेतीन किलोच्या आसपास पाणी मावतं. 30 फुटांत हे वजन 80 किलोच्या वर जातं. एका मोठ्या माणसाचं वजन पन्हळीत झोपवल्यासारखं आहे हे. त्यातला एक क्लॅम्प सुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो. पन्हळ मध्ये झुकते, झुकली की तिथे पाणी साचतं, साचलं की वजन वाढतं, वाढलं की पुढचा क्लॅम्प सुटतो.

आणि वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही, ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू पडते. पन्हळीत झोळ पडला की पाणी पाइपापर्यंत चढून जात नाही. ते तिथेच थांबतं, नाहीतर तिथूनच सांडतं. तुम्ही कितीही भोकं बुजवा.

थांबलेल्या पाण्याचा आणखी एक उपद्रव आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि पन्हळ डोक्याच्या वर असल्यामुळे ती कुणी रिकामी करत नाही.

शिडी लावण्याआधी चार कामं

दुरुस्तीची घाई असते हे खरं. पण वादळानंतर छपरावर चढणं हेच सगळ्यात धोक्याचं काम असतं. त्यामुळे आधी ही चार कामं.

पहिलं, फोटो काढा. काहीही हलवण्याआधी मोडलेली पन्हळ, फुटलेली कौलं, पडलेलं झाड, सगळ्याचे जवळून आणि लांबून फोटो घ्या. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा हेच उपयोगी पडतात. अंशतः पडझड झालेल्या घराला सरकारी मदत मिळण्यासाठी किमान 15 टक्के नुकसानीची अट असते. नुसत्या पन्हळीने तेवढं नुकसान भरत नाही, पण छपराच्या एकूण नुकसानीत ती दाखवता येते.

दुसरं, वीज बघा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बऱ्याच घरांत वळचणीजवळूनच आत जाते. वादळात तिचं आवरण सोललं आणि ती पत्र्याच्या पन्हळीला टेकली तर सगळी पन्हळ विजेने भारते. वायर तुटलेली, लोंबकळणारी किंवा पन्हळीला टेकलेली दिसली तर पन्हळीला, शिडीला हात लावायचा नाही. नुसता घरातला मेन स्विच बंद करून भागत नाही, कारण सर्व्हिस वायर मेन स्विचच्या आधी असते. 1912 या क्रमांकावर तक्रार करा आणि वायरमन येऊन गेल्यावरच काम सुरू करा.

तिसरं, पत्रा ओळखा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही. कधीच नाही. हे पत्रे वरून भक्कम दिसतात, पण जुने झाल्यावर ठिसूळ होतात आणि वादळात पडलेल्या तड्या वरून कळत नाहीत. माणूस पत्र्यातून थेट खालच्या फरशीवर येतो. शिवाय या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर कॅन्सर होऊ शकतो. म्हणून असा पत्रा कोरडा कापायचा नाही, घासायचा नाही, ड्रिल करायचा नाही. तुकडे उचलायचेच असतील तर पाणी मारून, तोंडावर चांगला मास्क लावून उचला.

चौथं, शिडी नीट लावा. पन्हळीचं जवळपास सगळं काम शिडीवरून होतं, छपरावर जावं लागत नाही. शिडी जितकी उंच टेकते, त्याच्या पाव अंतरावर तिचा पाय हवा. म्हणजे 12 फुटांवर टेकली तर खालचा पाय भिंतीपासून तीन फूट लांब. मातीच्या अंगणात पायाखाली फळी टाका, नाहीतर एक पाय रुततो. शिडी पन्हळीला टेकवायची नाही, भिंतीला किंवा भक्कम वाशाला टेकवायची. खाली शिडी धरायला एक माणूस हवाच. आणि हात पुरत नसेल तर वाकून ओढायचं नाही. खाली उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. कंटाळवाणं आहे, पण बहुतेक माणसं त्या एका जास्तीच्या हातभर अंतरासाठीच पडतात.

आधी साफसफाई, मग पाण्याची चाचणी

जाड हातमोजे घाला. पाचोळ्यात विंचू, गोम असू शकते, कधी गांधीलमाशीचं पोळंही असतं. त्यामुळे आधी काठीने ढोसून बघा आणि मगच हात घाला. कचरा पाइपाच्या तोंडाकडे ढकलायचा नाही. तो बादलीत भरून खाली उतरवायचा.

पन्हळ रिकामी झाली की वरच्या टोकाकडून पाइपने किंवा बादलीने पाणी सोडा. एकाने वर बघायचं, एकाने खाली. खडूने खुणा करत जायचं. पाणी कुठे थांबतं, कुठल्या सांध्यातून ठिबकतं, कुठून काठावरून सांडतं, पाइपातून किती जोरात येतं.

ही पाच-दहा मिनिटांची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. कारण गळती दिसते एकीकडे आणि बिघाड असतो दुसरीकडे. सांध्यातून पाणी येत असेल तर नेहमी सांधाच खराब असतो असं नाही. बऱ्याचदा पुढे झोळ पडलेला असतो, पाणी तुंबून सांध्याच्या उंचीपर्यंत चढतं आणि तिथून वाट काढतं. असा सांधा कितीही वेळा भरला तरी तो पुन्हा गळतो.

उतार कसा लावायचा?

पन्हळीला 10 फुटांमागे पाव ते अर्धा इंच उतार लागतो. म्हणजे 30 फुटांच्या पन्हळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा पाऊण ते दीड इंच खाली. डोळ्यांना हा फरक जेमतेम कळतो. त्यामुळे अंदाजाने उतार लावला की हमखास चुकतो.

यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते. पातळ पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक पन्हळीच्या वरच्या बाजूला धरायचं, दुसरं पाइपाच्या बाजूला. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं. दोन्ही ठिकाणी खूण करायची. मग पाइपाकडच्या खुणेपासून पाऊण ते दीड इंच खाली दुसरी खूण करायची. वरच्या बाजूला एक खिळा, या खालच्या खुणेवर एक खिळा, आणि मध्ये दोरी ताणून बांधायची.

ही दोरी म्हणजे पन्हळीचा उतार. आता प्रत्येक क्लॅम्प या दोरीला टेकला पाहिजे. जो वर आहे तो खाली घ्या, जो खाली आहे तो वर.

पन्हळ 40 फुटांपेक्षा लांब असेल तर मध्यभाग उंच ठेवून दोन्ही टोकांना उतार द्या आणि दोन पाइप काढा. एकाच दिशेला उतार दिला तर शेवटचं टोक कौलांपासून फार खाली जातं आणि पाणी पन्हळीत न पडता तिच्यावरून उडी मारतं.

आणखी दोन गोष्टी. कौलाची कड पन्हळीच्या तोंडाच्या साधारण एक तृतीयांश आत यायला हवी. कमी असेल तर पाणी मागे भिंतीकडे ओघळतं, जास्त असेल तर पुढे उडतं. आणि पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा. म्हणजे ढगफुटीसारखा पाऊस झालाच तर जास्तीचं पाणी अंगणात सांडेल, भिंतीवर नाही.

क्लॅम्प किती आणि कसे?

कोकणातल्या पावसाला आणि वाऱ्याला दर दोन फुटांवर एक क्लॅम्प हवा. शिवाय प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना आणि पाइपाच्या तोंडाजवळ एकेक. तीन-चार फुटांवर एक क्लॅम्प असेल तर तो कुठल्या तरी जोरदार सरीत झोळ पाडणारच.

क्लॅम्प उपटला असेल तर त्याच भोकात पुन्हा खिळा ठोकून उपयोग नाही. ते भोक सैल झालेलं असतं. इंच-दीड इंच बाजूला सरकून नवीन भोक घ्या. खिळ्याऐवजी दोन इंची स्क्रू वापरा, तोही गंज न लागणारा. पन्हळीच्या वजनाने खिळा हळूहळू बाहेर सरकत जातो, स्क्रू धरून राहतो.

त्याआधी लाकूड तपासा. वाशाच्या टोकाला किंवा पुढच्या फळीला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलेलं आहे. त्यावर कुठलाच क्लॅम्प टिकणार नाही. टोक थोडंच कुजलं असेल तर तेवढं कापून बाजूने नवा लाकडी तुकडा बोल्टने जोडता येतो. वासा आतपर्यंत गेला असेल तर सुतार बोलवा.

आता भोकं आणि सांधे

उतार आणि क्लॅम्प झाले की मग भोकांकडे या. इथे पीव्हीसी आणि पत्रा यांची तऱ्हा वेगळी आहे.

पीव्हीसी पन्हळीत केसाएवढा तडा असेल तर त्याच आकाराच्या जुन्या पन्हळीचा तुकडा कापा. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा, पुसून कोरडे करा आणि पीव्हीसी सोल्यूशन लावून तो तुकडा आतून चिकटवा. आतून, कारण मग पाण्याचा दाब त्याला आणखी घट्ट दाबतो. बाहेरून लावला तर तोच दाब त्याला ढकलून काढतो. तडा हातभर लांब असेल तर ठिगळ लावत बसू नका, तेवढा भाग कापून नवा टाका.

सांधे सरकले असतील तर रबराची रिंग काढून धुवा. तिच्याखाली वाळू अडकलेली असते. रिंग फाटली असेल तर बदला, धड असेल तर साबणाचं पाणी लावून परत बसवा. इथे एक चूक बरेच जण करतात. गळू नये म्हणून प्रत्येक सांधा सोल्यूशनने कायमचा चिकटवून टाकतात. पीव्हीसी उन्हात वाढतं आणि थंडाव्यात आखडतं. 10 फुटांचा तुकडा 30 अंशांच्या फरकाने साधारण अर्धा सेंटिमीटर लांब-आखूड होतो. सगळे सांधे चिकटवले तर त्याला हलायला जागा राहत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पन्हळ वाकते किंवा तडकते. म्हणून रिंगच्या सांध्यात थोडी फट ठेवलेली असते. ती बुजवायची नाही.

पत्र्याची पन्हळ चेपली असेल तर आत लाकडाचा ठोकळा धरून लाकडी हातोड्याने सरळ करा. लोखंडी हातोडा थेट मारला तर वरचा जस्ताचा थर उडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

छोट्या भोकाला एम-सील चालतं, पण एका अटीवर. जागा तारेच्या ब्रशने चकचकीत घासलेली आणि पूर्ण कोरडी हवी. गंजावर किंवा ओलीवर लावलेलं एम-सील पहिल्या मोठ्या पावसात खपलीसारखं निघून येतं. लावल्यावर एक दिवस तसंच सोडा आणि मग पाण्याची चाचणी घ्या.

भोक मोठं असेल तर पत्र्याचा तुकडा कापा, चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवा. मध्ये सीलंट लावून पॉप रिव्हेटने पक्का करा. सांधा असेल तर उताराच्या वरच्या बाजूचा तुकडा आत, खालच्या बाजूचा त्याच्याखाली. कौलं चढवतात तसंच. उलटं केलं तर पाणी सांध्याच्या आत शिरतं. कापलेल्या कडांना रेड ऑक्साइड मारायला विसरू नका.

सिलिकॉन सीलंट घेताना एक गोष्ट बघा. काही सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते काचेला चांगलं, पण जस्ताच्या पत्र्याला खातं. दुकानदाराकडे न्यूट्रल सिलिकॉन मागा. दोन्हींच्या ट्यूब दिसायला सारख्याच असतात.

पाणी शेवटी जातं कुठे?

पन्हळ झाली, पण काम अजून संपलेलं नाही. वर म्हटलेल्या 42 चौरस मीटरच्या पाख्याला जोराच्या पावसात चार इंची पाइप लागतो. जागा वाचवायला दोन इंची लावला तर वरची सगळी मेहनत फुकट, कारण पाणी पाइपात शिरायच्या आधीच काठावरून सांडेल. पाइपाच्या तोंडावर जाळीचा गोळा बसवा. आणि दर पंधरा दिवसांनी तो साफ करा. जाळी बसवून विसरून गेलात तर तीच बुचासारखी काम करते.

पाइप भिंतीलाही क्लॅम्पने बांधा. वाऱ्यात मोकळा पाइप हलतो आणि वरचा सांधा उखडतो.

खालचं टोक जोत्याशी सोडू नका. निदान चार-पाच फूट लांब न्या. पाणी पडतं तिथे एक चिरा किंवा सपाट दगड ठेवा, म्हणजे खड्डा पडत नाही. तिथून पुढे उताराने चर काढून ते परसात, बागेत किंवा ओहोळाकडे न्या. शेजाऱ्याच्या अंगणात मात्र नाही. वळचणीच्या पाण्यावरून सुरू झालेली भांडणं पिढ्यानुपिढ्या चालतात, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पाऊस थांबतच नसेल तर?

निसर्ग आणि तौक्तेनंतर अनेकांची खरी अडचण हीच होती. वादळ गेलं, पण उघडीप मिळेना. सीलंट लावायला कोरडी जागा नाही, ओल्या छपरावर चढायची सोय नाही.

अशा वेळी पाय जमिनीवर ठेवूनच बरंच करता येतं. पाणी जिथे धबधब्यासारखं पडतंय तिथे जुना पत्रा किंवा जाड प्लास्टिक भिंतीपासून बाहेर उतरतं टाका. त्यावर दगड ठेवा. त्याच्या पुढे कुदळीने वीतभर खोल चर काढून पाणी लांब न्या. यात पन्हळ दुरुस्त होत नाही, पण भिंतीचा पाया वाचतो, आणि तेच महत्त्वाचं आहे.

पन्हळीचा मोडका भाग लोंबकळत असेल आणि उघडीप मिळून शिडी नीट टेकत असेल, तर तो बांधून ठेवण्यापेक्षा सोडवून खाली उतरवा. लोंबकळणारी पन्हळ पुढच्या वाऱ्यात कुणाच्या तरी डोक्यात पडते. आणि मधल्या काळात पागोळ्या विखरून पडलेल्या परवडल्या.

माणूस कधी बोलवायचा?

घर दुमजली असेल, वाशांची टोकं कुजलेली असतील, छप्पर सिमेंट पत्र्याचं असून त्यावर गेल्याशिवाय काम होणार नसेल, विजेची वायर जवळ असेल, किंवा शिडी धरायला दुसरं कुणी नसेल, तर घरी करायचा आग्रह धरू नका. पण माणूस बोलवल्यावरही दोन गोष्टी स्वतः बघा. त्याने उतार दोरी लावून घेतलाय का, आणि जाण्याआधी पाणी सोडून दाखवलंय का. हे दोन्ही नसेल तर त्याने नुसती भोकं बुजवली आहेत.

पूर्वी मे महिन्यात घरं शाकारायची पद्धत होती. कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा चढवायची. त्यात वळचण, वासे, पाण्याची वाट, सगळं एकदा नजरेखालून जायचं. आता पत्रे आले, स्लॅब आले आणि ती सवय सुटली. पन्हळीपुरती तरी ती परत लावायला हरकत नाही. मे महिन्यात एक दिवस काढायचा, पाचोळा काढायचा, क्लॅम्प हलवून बघायचे आणि दोन बादल्या पाणी सोडायचं. पाणी न थांबता पाइपातून खाली आलं की झालं. वादळ आलंच, तरी ज्या पन्हळीचे क्लॅम्प घट्ट आहेत ती टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.